ओल्या केसांचा खून

आमचे चीफ ड्राफ्ट्समन केळं खाण्याआधी ते मोजत. डिव्हायडरने सहा सारखे भाग पाडायचे, सालीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा करायच्या आणि मग एकेका खुणेपर्यंत सोलून एकेक घास घ्यायचा. मी कंपनीत ट्रेसर म्हणून लागले त्याच दिवशी दुपारच्या सुट्टीत हे पाहिलं आणि मला हसू आवरेना. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघून विचारलं, "अहो ट्रेसर, तुम्ही केळं अंदाजे खाता?"

मी हो म्हटलं. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

कंपनी पंपांची होती, पिंपरी आणि चिंचवडच्या मधोमध. मी नुकती मॅट्रिक झालेली, अक्षर वळणदार, म्हणून ट्रेसिंगला घेतलं. ड्राफ्ट्समन पेन्सिलीने काढतील ते ड्रॉइंग मी मेणकापडासारख्या ट्रेसिंग क्लॉथवर शाईने गिरवायचं, मग त्याच्या प्रिंटा निघून कारखानाभर जायच्या. चीफ ड्राफ्ट्समन, म्हणजे आमचे साहेब, चिंचवड गावठाणात आमच्याच गल्लीत दोन खोल्यांत राहत. वय पन्नाशीच्या आतबाहेर, लग्न केलेलं नाही. कंपनीच्या गेटच्या आत ते मला "अहो ट्रेसर" म्हणत आणि गेटबाहेर पडलं की "अगं ए पोरी". गेटच्या बरोबर मध्ये उभी असले तर बोलतच नसत.

'सुंदर' हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. कुणाची नवी नवरी बघून आले की म्हणायचे, "फिनिशिंग चांगलं आहे." वर्क्स मॅनेजरांबद्दल त्यांचं मत होतं, "समोरून ठीक. प्लॅनमध्ये, म्हणजे वरून, बघितलं तर पोकळ."

अशा माणसाने कामुक रहस्यपट काढायचं मनावर घेतलं, ते एका खिडकीमुळे. पुण्यात कॅम्पातल्या थिएटरात त्यांनी एक इंग्रजी सिनेमा पाहिला, फक्त प्रौढांसाठी असलेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते लालबुंद होऊन. आम्हाला वाटलं, सिनेमा फारच चावट असणार.

"बाई पलंगावर असते तेव्हा खिडकी तिच्या डोक्यापासून दोन फुटांवर," ते म्हणाले. "खून होतो तेव्हा तीच खिडकी तीन फूट दोन इंचांवर! चौदा इंच सरकली! माणसं आंधळी आहेत का?"

"लोक खिडकी बघायला जात नाहीत साहेब," कोणीतरी म्हणालं.

"म्हणूनच फसतात. मी काढतो सिनेमा. माणसाला घाम फुटला पाहिजे आणि खिडकी जागेवर पाहिजे."

निगडीला प्लॉट घ्यायला ठेवलेले पैसे त्यांनी सिनेमात घातले. पिंपरी कॅम्पातले फोटो स्टुडिओवाले दादा लग्नं आणि बारशी टिपायचे. त्यांच्याकडे एक जुना सोळा मिलिमीटरचा कॅमेरा होता. नायक म्हणून आमच्या मशीन शॉपमधला टर्नर गायकवाड घेतला, कारण त्याची छाती. गोष्ट साहेबांचीच. ती त्यांनी मला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून सांगितली.

"एक बाई आहे. तिचे केस कायम ओले. जो पुरुष ते केस पुसायला जातो, तो दुसऱ्या दिवशी मेलेला सापडतो. नाव, 'ओल्या केसांचा खून'."

"पण मरतो कशाने?"

"ते शेवटच्या रिळापर्यंत सापडेल," ते म्हणाले. त्यांना स्वतःलाच अजून माहीत नव्हतं.

आमच्याकडे सुट्टी गुरुवारची, म्हणून शूटिंगही गुरुवारी. पहिल्या गुरुवारी पुण्याहून नाटकात कामं करणारी एक बाई लोकलने चिंचवडला उतरली. साहेबांनी तिला स्टेशनवरच टेप लावून मापं घ्यायला सुरुवात केली, खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट. ती पुलावरून पलीकडच्या फलाटावर गेली आणि परतीच्या गाडीत बसली. साहेब हातात टेप घेऊन गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते.

पुढच्या गुरुवारी गायकवाडची बायको कमल स्वतःहून हजर झाली. ती दोन महिने नवऱ्याशी बोलत नव्हती. तिच्या सख्ख्या भावाच्या लग्नाला न जाता त्याने ओव्हरटाइम केला होता, एवढंच कारण. पण तो परक्या बाईला मिठी मारणार हे कानावर गेल्यावर ती पदर खोचून आली आणि साहेबांना म्हणाली, "ह्यांना सांगा, कुणाला हात लावायचाच असेल तर मी उभी राहते. बोलणार मात्र नाही."

गायकवाड शेजारीच उभा होता. साहेबांनी तिचा निरोप त्याला शब्दशः सांगितला.

कमल दिसायला चांगली होती, पण विषमज्वराने तिचे केस गेले होते आणि नुकते कुठे मानेपर्यंत आले होते. ओल्या केसांच्या सिनेमात केसच नाहीत. तेव्हा साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझी वेणी तेव्हा गुडघ्याला लागायची.

त्याच दिवसांत आई माझ्यासाठी स्थळं बघत होती. चाकणच्या एका घरी बोलणी पुढे गेली होती. मुलगा शाळेत शिक्षक, घर सोवळ्याचं. मी सिनेमात केस सोडून बसले हे त्यांना कळलं असतं तर चाकणच काय, खेड-मंचरपर्यंत मला कुणी विचारलं नसतं. पण खरं सांगते, मला जावंसं वाटलं. दिवसभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवणाऱ्या मुलीला कुणी स्वतःहून काही मागितलं होतं.

"फक्त पाठ," मी म्हटलं. "आणि कुणाला सांगायचं नाही."

"रिअर एलेव्हेशन," साहेब म्हणाले. "चेहऱ्याचा प्रश्नच नाही."

न्हाण्याचा प्रसंग पवनेच्या घाटावर घ्यायचा ठरला. सकाळी नऊला मी नऊवारी नेसून, केस मोकळे सोडून, कॅमेऱ्याकडे पाठ करून पाण्यात बसले. साहेबांच्या मते ती रात्र होती. रात्री काही दिसत नाही म्हणून रात्र दिवसा घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं आणि दादांनी भिंगावर निळी काच धरली होती. मी हळूहळू केसांवर पाणी ओतायचं, अंगावर काटा येईल असं.

घाटावर धुणं धुणाऱ्या बाया थोडा वेळ बघत राहिल्या. मग आमच्याच गावठाणातली एक म्हातारी पाण्यात उतरून माझ्यामागे आली.

"आगं असं वरवर वतून काय व्हतंय? मळ निघायचा न्हाई," ती म्हणाली. "थांब, शिकेकाई हाय माझ्यापाशी."

आणि ती माझं डोकं खसाखसा चोळू लागली. दुसरीने घागर भरून दिली. तिसरी म्हणाली, "पाठ पन घासा की तिची." मला ओरडता येईना, कारण ओरडले तर आवाज ओळखला जाणार, वळता येईना, कारण तोंड दिसणार.

"कुनाची गं तू?" म्हातारीने विचारलं. मी मान आणखी खाली घातली. "मुकी हाय गं बाई," तिने सगळ्यांना सांगितलं, आणि मग तर मायेने चार जणी जास्त आल्या.

दादा काठावरून ओरडत होते, "साहेब, बंद करू का? सगळी लेडीज अंदर आ गयी!"

"चालू ठेवा!" साहेब म्हणाले. त्यांच्या अंगाला घाम फुटला होता. "लय बघा दादा, लय!"

खरा घोटाळा झाला तो चौदाव्या दृश्यात. तिथे नायक-नायिकेची मिठी होती. साहेबांच्या दोन खोल्यांपैकी एकीत लोखंडी पलंग टाकून सेट लावला होता. खिडकीच्या चौकटीखाली त्यांनी भिंतीवर रंगाने मापं लिहून ठेवली होती. पण गायकवाड कमलजवळ गेला की ती मान फिरवायची, आणि तिने मान फिरवली की तो दोन्ही हात पँटच्या खिशात घालायचा. तीन गुरुवार गेले. मग साहेबांनी मिठीचं ड्रॉइंग काढलं.

ते मीच गिरवलं. समोरून, बाजूने आणि वरून, तीन बाजू. पुरुषाचा उजवा तळहात स्त्रीच्या कमरेवर, मणक्यापासून पंचाहत्तर मिलिमीटर. हनुवटी आणि खांदा यांमध्ये वीस, कमीजास्त पाच. पदराआड जे दिसत नाही ते तुटक रेघांनी. खाली कोपऱ्यात चौकट: 'आलिंगन. दृश्य १४. नग १.' काढणाऱ्याची त्यांची सही, गिरवणारीची माझी आद्याक्षरं. सवयीने हात चालत गेला, मी काय लिहितेय याचा विचारही केला नाही.

आणि सवयीनेच ते ड्रॉइंग पंपांच्या गठ्ठ्यात गेलं.

दीड महिन्याने पॅटर्न शॉपमधून हातगाडी आली. ओतकामासाठी लाकडाचे नमुने करणारे आमचे आण्णा सुतार गाडीबरोबर होते. वर गोणपाटं टाकलेली. तपासणीच्या शेडमध्ये त्यांनी गोणपाट ओढलं आणि खाली सागवानी, पुरुषभर उंचीचं, गुळगुळीत पॉलिश केलेलं आलिंगन निघालं. तळहात बरोबर पंचाहत्तरवर. दोघांनाही चेहरे नव्हते.

"चेहऱ्याची मापं दिली नव्हती," आण्णा म्हणाले. "बिडाचं ओतायचं असेल, बीड निवताना आकसतं, म्हणून एक टक्का वाढवून केलंय."

"अहो, विचारायचं तरी!" तपासनीस म्हणाला.

"ड्रॉइंगवर सही होती. सही असताना मी का विचारू?"

तेवढ्यात वर्क्स मॅनेजर फेरीवर आले. त्यांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. "हे कुठल्या पंपाचं आहे?"

दुसरा कुणी असता तर काहीतरी बनवून सांगितलं असतं. साहेब पुढे झाले आणि म्हणाले, "पंपाचं नाही सर. आलिंगन आहे."

मॅनेजरांनी ड्रॉइंग मागवलं, कोपऱ्यातली चौकट वाचली आणि माझ्या आद्याक्षरांवर बोट ठेवलं. "हे ट्रेसिंग कुणी केलं?"

मी शेडच्या दारात उभी होते. नोकरी गेली, चाकणचं स्थळही गेलं असं धरून मी शाईची बोटं पदरात लपवली.

"मीच," साहेब म्हणाले. "डाव्या हाताने केलं म्हणून अक्षर वेगळं वाटतं."

मॅनेजरांचा विश्वास बसला नाही, पण त्या माणसाने पंचवीस वर्षांत एक रेघ खोटी मारली नव्हती, त्यामुळे त्यांना खोटं म्हणताही येईना. साहेबांना ताकीद मिळाली. ड्रॉइंग ऑफिसमधून काढून त्यांना सेफ्टी विभागात टाकलं. सेफ्टी विभाग म्हणजे कँटीनमागची एक खोली, एक टेबल आणि वर्षानुवर्षांच्या अपघातांच्या फायली. मी त्या दिवशी संध्याकाळी गल्लीत त्यांच्या दारात रडले.

"अगं ए पोरी," ते म्हणाले, "त्यांनी ते भंगारात काढलंय. मी घरी आणायची परवानगी घेतली."

पुढचा गुरुवार मला अजून आठवतो. पलंगामागे पांढरी चादर ताणली होती, चादरीमागे ते सागवानी जोडपं आणि त्यामागे दिवा. खरी माणसं मिठी मारत नव्हती, तर त्यांच्याऐवजी ह्यांची सावली घ्यायची असं ठरलं होतं. गायकवाड आणि कमल दोघंही बघायला आले होते. दिवा लागला आणि चादरीवर ती सावली पडली. दोन लाकडं होती ती, पण एकमेकांना इतकी घट्ट धरून होती!

कमल बराच वेळ बघत राहिली. मग तोंड न वळवता म्हणाली, "तुमच्या अंगाला त्या लेथच्या कुलंटचा वास येतोय. घरी जाऊन आंघोळ करा."

जवळजवळ पाच महिन्यांनंतरचे तिचे नवऱ्याला पहिले शब्द. गायकवाड लगेच चपला घालून निघाला, पाठोपाठ तीही. त्यानंतर ती दोघं शूटिंगला वेळेवर येईनाशी झाली.

सेफ्टी विभागात बसून साहेबांनी सगळ्या जुन्या फायली वाचून काढल्या, आणि तिथे त्यांना त्यांचा खुनी सापडला. माझ्या आईसमोर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभं राहून, त्यांनी मला सांगितलं.

"अर्थिंग नव्हतं!"

"काय नव्हतं?" आई म्हणाली.

"बाई केस वाळवायला पलंगावर पंख्यासमोर बसते. पंख्याचा सांगाडा लोखंडी पलंगाला टेकलाय, आत वायर उघडी. तिच्या पायात रबरी चपला, म्हणून ती वाचते. पुरुष येतो अनवाणी, फरशी ओली, केसांना हात लावतो. खलास! बाईचा काही दोष नाही. वायरमनचा आहे!"

शेवटच्या रिळात इन्स्पेक्टरचं काम त्यांनी स्वतः केलं. फळ्यावर आकृती काढून, हातात काठी घेऊन, ते अकरा मिनिटं अर्थिंग समजावून सांगतात.

पुरा झालेला सिनेमा घेऊन ते मुंबईला सेन्सॉरकडे गेले ते मान ताठ करून. निघताना मला म्हणाले, "किमान आठ कट सांगतील. मी पाच मान्य करीन." परत आले तेव्हा स्टेशनवरून चालत आले आणि ओट्यावर बसून राहिले.

"काय झालं?" मी विचारलं. "बंदी घातली?"

"यू दिलं." त्यांनी सर्टिफिकेट माझ्यापुढे टाकलं. "सर्वांसाठी. एक कटसुद्धा नाही. मी म्हटलं, न्हाणं बघा परत, नीट बघा. तर म्हणाले, स्वच्छतेचा संदेश चांगला आहे. मी म्हटलं, मिठी? तर म्हणाले, ती बाहुल्यांची कल्पना मुलांना आवडेल." मग ते म्हणाले, "मी अपील करणार आहे. असं आयुष्यभर कुणी मला सर्वांसाठी म्हणू नये."

अपिलाचं काही झालं नाही. सिनेमा लागला तो चाकणला, बाजाराच्या दिवशी, तंबूत. पोस्टर साहेबांनी स्वतः काढलं होतं: बाईची पाठ आणि तीन-तीन मिलिमीटरवर समांतर ओढलेले केस. 'सर्वांसाठी' हे शब्द लिहिणं भाग होतं, ते त्यांनी मुंगीएवढ्या अक्षरांत कोपऱ्यात लिहिले. पण चाकणच्या लोकांनी ते बरोबर वाचले. संध्याकाळच्या खेळाला माणसं बायकापोरांसकट आली, आणि मी बायकांच्या बाजूला जाऊन बसते तो माझ्या पुढच्याच ओळीत चाकणच्या स्थळाची आई! तिने ओळखून मला हसून जवळ बोलावलं. मी पदर डोक्यावरून घट्ट ओढला आणि वेणी आत कोंबून तिच्याशेजारी बसले.

घाटाचा प्रसंग आला. पडद्यावर माझी पाठ. पुरुषांच्या बाजूने एक शिट्टी आली, पण म्हातारी शिकेकाई घेऊन पाण्यात उतरली तशी तीही बंद पडली.

"केस बाकी झकास आहेत हो बाईचे," होणाऱ्या सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "पण पुसत का नाही मेली? सर्दी होईल."

"हो ना," मी म्हटलं.

मिठीची सावली आली. साहेब मागे कनातीला टेकून उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. मग पुढून एक शेतकरी ओरडला, "आरं, हलत का न्हाईत?" आणि सगळा तंबू हसला. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

पण शेवटचं रीळ लागलं आणि वेगळंच झालं. चाकणच्या आसपास तेव्हा नुकती गावोगाव वीज येत होती, विहिरींवर मोटारी बसत होत्या. पडद्यावरचा इन्स्पेक्टर फळ्यावर आकृती काढू लागला तसे लोक पुढे सरकले. कुणीतरी पडद्यालाच विचारलं, "आमच्या मोटारीला हाय का न्हाई ती अर्थिंग, कसं कळायचं?"

"गावात कोण बसवून गेलं मोटार?" मागून साहेबांनीच विचारलं. माणसं वळून बघायला लागली. पडद्यावर साहेब, मागेही साहेब. सिनेमा संपल्यावर ते तंबूच्या मधोमध मातीत काठीने आकृत्या काढत बसले होते आणि भोवती चाळीस-पन्नास माणसं उकिडवी बसली होती. पोरीबाळींनी खेळ परत दाखवायला सांगितला. खुनाचं कुणी काही विचारलं नाही.

माझं लग्न त्याच घरात झालं. सासूबाईंनी माझ्या केसांना पुष्कळ वर्षं तेल लावलं, पण पडद्यावरचे ते केस हेच होते, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

कंपनीच्या कानावर चाकणची हकिगत गेली आणि सुरक्षा सप्ताहात दाखवायला त्यांनी शेवटचं रीळ मागितलं. साहेब म्हणाले, "दाखवायचा तर पूर्ण. नाहीतर रीळ नाही." मॅनेजर वैतागले, पण कबूल झाले. मग दरवर्षी कँटीनमध्ये 'ओल्या केसांचा खून' लागायचा. पुढे भोसरीच्या, चाकणच्या कारखान्यांतूनही मागणी येऊ लागली. साहेब प्रत्येक ठिकाणी स्वतः जायचे आणि खेळ संपला की दाराशी उभे राहून लोकांचे चेहरे बघायचे. लोक बाहेर पडताना म्हणायचे, "चांगली माहिती दिलीत साहेब." त्यांचं तोंड आणखी उतरायचं.

ते रिटायर झाले त्या वर्षी मी बाळंतपणाला माहेरी होते. एका गुरुवारी सकाळी त्यांच्याकडे बसले होते, बाळ मांडीवर, तेवढ्यात एक तिशीतला माणूस बायकोला घेऊन आला. हातात पेढ्यांचा पुडा. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता.

"साहेब, तुमचा सिनेमा मी आमच्या इथे बघितला होता," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात ही ओले कपडे तारेवर टाकत होती. तार पत्र्याला लागलेली, पत्र्यात करंट. ही चिकटली. मी धरायलाच धावलो होतो साहेब. हात पुढे केला आणि मला तुमचा तो केस पुसणारा आठवला. मागे फिरलो, आधी मेन स्विच पाडला." बायकोच्या तळहाताला पट्टी होती. "नाहीतर दोघंही गेलो असतो."

तिने वाकून साहेबांच्या पायांना हात लावला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेब मात्र खुर्चीच्या टोकाशी सरकून बसले होते.

"ते ठीक आहे," ते म्हणाले. "अर्थिंगचं ठीक आहे. पण आधीचं? बाकीचा सिनेमा? न्हाणं, ती सावली, ते कसं वाटलं?"

फिटर चुळबुळला. त्याने बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग छताकडे.

"साहेब, ते... बायामाणसांसमोर कसं सांगू?"

त्याच्या बायकोने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते. "घरी येऊन मला सगळं सांगितलं ह्यांनी," ती पदराआडून म्हणाली, "तेव्हाही दिवा घालवून सांगितलं," आणि लाजून बाहेर पळाली. तोही कान लाल करून तिच्या मागे गेला.

साहेब उठले, टेबलाशी गेले, कोरा कागद घेतला, पट्टीने समास आखला आणि मुंबईच्या सेन्सॉरला पत्र लिहायला बसले. पहिलं वाक्य त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं: "महोदय, आपल्या निर्णयाविरुद्ध आता माझ्याकडे एक साक्षीदार आहे, आणि तो विवाहित आहे."